सहाणेवर झिजलेलं कमळ

सांगलीहून सकाळच्या गाडीनं निघालो, तेव्हा बायकोनं डब्याबरोबर एक टोमणाही बांधून दिला. "लोक प्रवासाला जातात ते काहीतरी बघायला. तुम्ही निघालात ते दिसेनासं झालेलं बघायला." मी निमूट डबा बॅगेत ठेवला. छापखान्यात सारा जन्म मुद्रितं तपासण्यात गेला, त्यामुळे चुकीचं वाक्य कानावर पडलं की मला राहवत नाही. हे वाक्य बरोबर होतं.

मी नाणी जमवतो, पण झिजलेली. त्यातही स्मारक नाणी, म्हणजे कुणाची जन्मशताब्दी, एखादी स्पर्धा, एखादा संकल्प यांची आठवण राहावी म्हणून सरकार काढतं ती. बाकीचे संग्राहक कोऱ्या, चकचकीत नाण्यांच्या मागे असतात. माझा नियम उलटा आहे. नाणं इतकं झिजलेलं हवं की आणखी थोडं झिजलं तर ते कुठलं हे सांगता येऊ नये. पण आज मात्र सांगता आलं पाहिजे. अगदीच सपाट झालं तर ती नुसती चकती. स्मारक नाणी अशी मिळणं फार अवघड, कारण हातात येताच लोक ती बाजूला काढून ठेवतात. ज्याची कुणी कौतुकानं आठवण ठेवली नाही, तेच नाणं माझ्या कामाचं.

महिन्याभरापूर्वी आमच्या नाणेवाल्यांच्या व्हॉट्सअॅप गटावर प्रिया नावाच्या एका मुलीनं एक फोटो टाकला होता. खाली लिहिलं होतं, "यात सोनं आहे का? खरं सांगा." नाणं वीस पैशांचं, पिवळं, गोल. कमळ आणि वर सूर्य असलेलं, 'सबके लिए अन्न' असं लिहिलेलं ते स्मारक नाणं. त्या पिवळ्या वीस पैशांत सोनं आहे असं पूर्वी गावोगाव बोललं जायचं, आणि अजूनही पुष्कळ घरांत लक्ष्मीपूजनाला ते ताम्हनात असतं. गटावर सगळे हसले. असं झिजलेलं नाणं फुकट दिलं तरी नको, म्हणाले. मी मात्र तो फोटो मोठा करून करून पाहिला. कमळाच्या तीन पाकळ्या, सूर्याची एक कड आणि 'अन्न' एवढंच उरलं होतं. असं नाणं मला वीस वर्षांत मिळालेलं नव्हतं.

मी फोन केला. प्रिया म्हणाली, "काका, नाणं माझ्या आजीचं आहे. ती विकणार नाही. पण तुम्ही येऊन तिला खरं काय ते सांगाल का? माझं ती ऐकत नाही. वीस दिवसांचं बाळ आहे माझं." काय प्रकार आहे ते तिनं थोडक्यात सांगितलं आणि मी येतो म्हणालो. पण कबूल करतो, बोलताना माझं अर्धं लक्ष त्या बाळाकडे आणि अर्धं त्या तीन पाकळ्यांकडे होतं. म्हातारीला त्यात सोनं नाही हे पटलं, तर ती ते मला देऊनही टाकेल, असा हिशेब मनात होता.

पुणं, शिरूर, सुपा असं करत दुपारी नगरला पोचलो. कागदोपत्री आता अहिल्यानगर झालं, पण कंडक्टर अजून नगरच पुकारत होता. सावेडीत माझा भाचा राहतो. त्याच्या फ्लॅटवर बॅग टाकली, चहा घेतला आणि रिक्षानं भिंगारचा बाजार गाठला. लष्करी हद्दीतले रस्ते रुंद आणि स्वच्छ, झाडांच्या बुंध्यांना गेरू आणि चुन्याचे पट्टे. फाटक ओलांडून बाजारात शिरलं की एकदम गल्ल्या सुरू होतात. जुनी कुलपं, पितळी भांडी आणि नाणी विकणारं एक दुकान मला भाच्यानं सांगून ठेवलं होतं.

दुकानदारानं प्लास्टिकच्या पाकिटांतली नाणी पुढे ठेवली. "घ्या, एकदम कोरं."

"कोरं नको. झिजलेलं आहे का?"

त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. "झिजलेलं मी मोडीत घालतो, काका. वजनावर जातं."

मग दया येऊन त्यानं एक पत्र्याचा डबा माझ्यापुढे ओतला. तासभर मी ती मोड चाळली. पन्नास पैशांचं एक निघालं, बऱ्यापैकी झिजलेलं, पण माझ्या कसोटीला उतरणारं नव्हतं. ते घेतलं, कारण एवढा वेळ बसून हात हलवत उठायची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी श्रीगोंद्याच्या गाडीत बसलो. हंगाम ऐन भरात होता. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर उसाच्या ओझ्यानं डुलत समोरून येत होते, आणि प्रत्येकाच्या मागं गाड्यांची रांग. दोन्ही बाजूंना ऊस, मध्येच कांद्याचं रान, मध्येच नुसती काळी ढेकळं. कारखाना दिसायच्या आधी मळीचा आंबूस वास गाडीत शिरला. बाजूला बसलेल्या एका बाईंनी नाकाला पदर लावला नाही, मी मात्र रुमाल काढला. त्यावरून मी परगावचा आहे हे सगळ्यांना कळलं.

उतरायच्या फाट्याच्या अलीकडे दोन किलोमीटरवर एक ट्रॉली उलटली होती. ऊस रस्ताभर पसरलेला. माणसाला काही झालं नव्हतं, पण गाडी पुढे जाईना. कंडक्टर म्हणाला, "पायी गेला तर लवकर पोचताल." मी उतरलो. ट्रॅक्टरवाला रस्त्याच्या कडेला मोळ्या रचत होता. मी थांबून बघतोय म्हटल्यावर त्यानं न बोलता एक कांडं माझ्या हातात दिलं. ते चघळत, मातीच्या रस्त्यानं, पांढऱ्या विजारीला काळ्या मातीचा काठ लावून मी वस्तीवर पोचलो.

वस्ती म्हणजे दहा-बारा घरं, एक शाळा आणि पत्र्याच्या छपराचं छोटं चर्च. जुनी ख्रिस्ती वस्ती. आजोबा-पणजोबांच्या काळापासून इथले लोक शेती करतात आणि एखाददुसरा शिक्षक होतो. स्लॅबच्या एका घराच्या ओसरीवर डोक्याला रुमाल बांधलेली प्रिया बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. दाराशी तिची आजी हुलगे निवडत होती. पंचाहत्तरीच्या पुढे-मागे असेल. पांढरं लुगडं, हातांच्या शिरा वर आलेल्या, पाठ मात्र ताठ.

"सलाम," ती म्हणाली. वस्तीवरचा नमस्कार तसाच असतो. मी सलाम म्हणालो. तिचं नाव मार्थाबाई.

ती चहाला आत गेली तेव्हा प्रिया हळू आवाजात बोलू लागली. बाळगुटीचा घोळ होता. आपल्याकडे बाळाला सहाणेवर (चंदन उगाळायचा दगड) बदाम, खारीक, वेखंड उगाळून दुधातून चाटवतात. ऐपत असेल तर त्यात सोन्याचे दोन वळसे, म्हणजे सोनं दोनदा गोल फिरवून घासायचं. मार्थाबाईकडे सोन्याच्या जागी ते नाणं होतं. वस्तीतली सगळी लेकरं त्यावर वाढली होती. प्रियासुद्धा.

"डॉक्टरांनी सांगितलंय, सहा महिने अंगावरच्या दुधाशिवाय काही द्यायचं नाही. याचं वजन आधीच कमी. आणि आजी रोज सकाळी सहाण धुऊन माझ्यापुढं ठेवते. मी उचलून कोनाड्यात ठेवते. बोलणंच बंद झालंय आमचं. चार दिवस झाले, एकच वेळ जेवते ती."

"रागानं?"

"राग नाही, काका. भीती. तिला वाटतं, हा जाईल."

चहा घेऊन आल्यावर मार्थाबाईनं कोनाड्यातून एक कापडाची पुरचुंडी आणली आणि नाणं माझ्या तळहातावर ठेवलं. फोटोत दिसत होतं त्याहून ते पातळ होतं. खिशात, गल्ल्यात, हातोहात फिरून झिजलेल्या नाण्याची झीज सगळीकडून सारखी असते. याची तशी नव्हती. एकाच अंगानं वर्षानुवर्षं दगडावर फिरून त्याची एक बाजू उतरती झाली होती, आणि त्या उतारावर कमळ जवळजवळ संपलं होतं. मी ते उन्हात तिरपं धरलं. 'अन्न' वाचता आलं.

"तुमी जानकार हाय म्हनती ही," मार्थाबाई म्हणाली. "सांगा बरं दादा, किती गुंजा सोनं असंल यात?"

गाडीत मी चार-पाच वाक्यं तयार केली होती, हळूहळू मुद्द्यावर येणारी. तिच्या तोंडाकडे पाहून ती सगळी गेली. "मावशी, यात सोनं नाही. तांबं, ॲल्युमिनियम आणि जरासं निकेल आहे."

"गुंजभर बी न्हाई?"

"गुंजभरही नाही."

तिनं वाद घातला नाही. नुसतं विचारलं, "मंग पोरं कशानं जगली?"

"आपली जगली, मावशी. दुधानं, भाकरीनं."

"वाईट व्हतं का त्यानं?"

"वळसा-दोन वळशांत एवढं काय जातंय. झालं गेलं ते झालं. पण आता याला देऊ नका."

तिनं सुपातल्या हुलग्यांतून एक खडा वेचून बाजूला टाकला. मग म्हणाली, "आनि माझी सुमन?"

प्रियानं मान वर केली. आजीची एक मुलगी लहानपणी गेली एवढंच तिला माहीत होतं. उरलेलं त्या दिवशी आम्ही दोघांनी एकदमच ऐकलं.

बहात्तरच्या दुष्काळात मार्थाबाईची आई खडी फोडायच्या कामावर होती. मजुरीत एका आठवड्याला हे नाणं आलं, नवंकोरं, पिवळंधमक. मुकादम म्हणाला, यात सोनं आहे, मोडू नको. खायची ददात असताना त्या माउलीनं ते मोडलं नाही. तिला दोन मुली, मार्था आणि धाकटी एस्तेर. दोघींची लग्नं झाली तेव्हा तिनं सांगितलं, हे दोघींचं मिळून. जिच्या घरी पाळणा हलेल तिच्याकडे ते राहील. आधी एस्तेरला मुलगा झाला. ती भिंगारला दिलेली, नवरा डेपोत कामाला. नाणं तिच्याकडे गेलं. मग वर्षाच्या आत इकडे मार्थाला मुलगी झाली.

"दोन म्हयन्याची हुती. ताप आला. दूध वढंना," मार्थाबाई सांगत होती. आवाज सपाट होता. "नगरच्या बाजाराला जानाऱ्याकडं निरोप धाडला, नानं पाठव. न्हाई आलं. पुन्यांदा धाडला. न्हाई आलं. पोरगी गेली आनि तिसऱ्या दिवशी एका मानसाच्या हाती नानं आलं. ती सोता न्हाई आली. तवापासनं मी तिचं तोंड बगितलं न्हाई. पुढं मला दोन ल्योक झाले, त्यांना उगाळलं, ते जगले. वस्तीतल्या समद्यांना उगाळलं, ते जगले. जिला लागलं न्हाई तेवढीच गेली."

पन्नास वर्षं होत आली होती त्याला. आई वारली तेव्हा माहेरी दोघी एकाच घरात होत्या, पण मार्था धाकटीकडे पाठ करून बसली होती. आणि मी सांगलीहून येऊन, पायाला चिखल लावून, दोन वाक्यांत तिला सांगितलं होतं की त्यात काही नव्हतं. मला तिथून उठून जावंसं वाटलं. नाण्याच्या आशेनं आलो होतो ही गोष्ट मला तेव्हा फार बोचली.

"म्हंजे एस्तेरनं काय केलं?" मार्थाबाई स्वतःशीच म्हणाली. "तिनं तर काईच न्हाई केलं."

दुपारी शेंगोळे होते (हुलग्याच्या पिठाचे वळलेले कडबोळ्यासारखे तुकडे, लसणाच्या झणझणीत रश्शात शिजवलेले), बाजरीची भाकरी आणि कांदा. जेवणाआधी मार्थाबाईनं डोळे मिटून प्रार्थना केली. ती नेहमीपेक्षा लांबली असावी, कारण प्रियानं दोनदा डोळे उघडून पाहिलं. त्यानंतर मार्थाबाई जेवली. भाकरी कुस्करून, सावकाश, पण पोटभर जेवली. मग उठून तिनं सहाण धुतली, कोनाड्यात पालथी घातली आणि बाळाला मागून मांडीवर घेतलं. प्रियाच्या डोळ्यांत पाणी आलं, तिनं ते रुमालाच्या टोकानं पुसलं.

निघताना मार्थाबाईनं ती पुरचुंडी माझ्या हातात दिली. क्षणभर मला वाटलं, मला देतेय. खोटं कशाला बोलू, माझी मूठ तिच्यावर मिटलीसुद्धा.

"तुमी नगरला जानार नव्हं? तिथनं भिंगार कितीसं लांब. हे एस्तेरला द्या. म्हनावं, आक्कानं सांगितलंय, तुझ्याकडं काय दोस न्हाई. तू मोकळी."

प्रियानं नातलगांत फोन करून पत्ता मिळवला. संध्याकाळच्या गाडीनं मी नगरला परतलो. नाणं वरच्या खिशात होतं आणि मी वाटभर खिशावर हात ठेवून बसलो होतो. ज्यासाठी आलो ते माझ्याजवळ होतं, आणि ते माझं नव्हतं.

सकाळी पुन्हा भिंगार. बाजाराच्या मागे जुन्या चाळीवजा खोल्यांच्या ओळीत एस्तेरबाईचं घर. मुलगा सावेडीला राहतो, तिकडे चल म्हणतो, पण ही खोली सोडत नाही असं शेजारणीनं दार दाखवताना सांगितलं. एस्तेरबाई बारकी, जाड भिंगांचा चष्मा लावलेली. भिंतीवर क्रूस, त्याखाली नवऱ्याचा फोटो. मी कोण ते सांगितलं आणि मग म्हणालो, "मार्थाआक्कांनी पाठवलंय."

तिनं खुर्चीची पाठ धरली. "आक्का बरी हाय ना?"

"बऱ्या आहेत." मी पुरचुंडी उघडून टेबलावर ठेवली. तिनं तिला हात लावला नाही. मी काल घडलं ते सगळं सांगितलं. नाण्यात सोनं नाही हे मी कसं सांगितलं, आणि आक्काचा निरोप, जसा दिला तसा: तुझ्याकडं काय दोष नाही, तू मोकळी.

तिनं चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला. "त्यात सोनं न्हाई हे मला तवाच ठावं हुतं, भाऊ."

मला आधी समजलंच नाही. "तेव्हाच म्हणजे?"

"आईनं दोगींत एकच दिलेलं. सारखं हिकडनं तिकडं न्यायचं. म्हनलं, मधून कापून घ्यावं. अर्धं तिचं, अर्धं माझं. हितंच बाजारात सोनाराकडं गेल्ते. त्यानं कसाला लावलं आनि हसला. म्हनला, बाई, हे कापून काय करता, पितळंवानीच हाय." ती थांबली. "त्याच आठवड्यात आक्काचा निरोप आला. मी म्हनलं, पितळच तर हाय, जाईल सवडीनं. माझं पोरगं बी किरकिरत हुतं. पुन्हा निरोप आला. तवा बी म्हनलं, उद्या बगू. मला काय ठावं, ती पोरगी तेवढी आजारी हाय."

"मग हे त्यांना सांगितलं का नाही? सोनं नव्हतं एवढं सांगितलं असतं, तर राग तरी गेला असता."

"पोरगी मातीत घातलेल्या बाईला जाऊन सांगू, की तू मागत हुतीस ते पितळ हुतं?" तिचा आवाज चढला नाही. "आईनं उपाशी ऱ्हाऊन ठेवलेलं हुतं ते. आनि आक्का माझ्यावर राग धरून उबी तरी राहिली. त्यात सोनं न्हाई म्हनून सांगितलं असतं तर कुनावर धरला असता तिनं? देवावर?"

बाहेर कुणीतरी नळावर बादली लावली होती, ती भरून वाहू लागली. एस्तेरबाईनं आत बसूनच "नळ बंद करा गं" म्हणून हाक दिली.

"पण आता त्यांनीच निरोप दिलाय," मी म्हणालो. "तुम्ही मोकळ्या."

"मी कशानं मोकळी, भाऊ? मला ठावं हुतं ते पितळ हाय. तिला न्हवतं. ती सोनंच मागत हुती. बहिनीकडं मागत हुती. मी न्हाई दिलं."

जन्मभर दुसऱ्यांच्या मजकुरातल्या चुका दाखवत आलो, पण या बाईचं एक अक्षर मला बदलता येईना. शेवटी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "हे सगळं मी त्यांना फोनवर सांगू का?"

"नगं," ती म्हणाली. "तुमी लई सांगितलं. आता मी सांगते."

ती आत गेली आणि धुतलेलं लुगडं नेसून आली. शेजारणीकडे किल्ली दिली, कुठे जातेय ते सांगितलं. नाणं तिनं पदराच्या टोकाला बांधलं, दोन गाठी मारून. रिक्षात ती त्या गाठी मुठीत धरून बसली. माळीवाड्याच्या स्टँडवर श्रीगोंद्याची गाडी लागलेलीच होती. मी तिला खिडकीशी जागा धरून दिली आणि पाण्याची बाटली आणून दिली.

"उतरायला गाडी चिंचंपाशीच थांबती का अजून?" तिनं विचारलं.

"आता तिथं शेड बांधलीय. कंडक्टरला सांगून ठेवतो."

"पन्नास वर्सं झाली त्या वाटंला," ती म्हणाली. गाडी सुटली तेव्हा तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, समोर पाहत होती.

माझी गाडी तासाभरानं होती. परतीच्या वाटेवर सुपा गेलं, शिरूर गेलं, भाच्याच्या घरून दिलेला डबा मी उघडला नाही. खरं सांगणं हे सोपं काम असतं असं मी समजत आलो होतो. चूक दिसली, खूण केली, झालं. त्या नाण्याबद्दलचं खरं सांगायला मी एवढ्या लांबून आलो, त्यात माझा स्वार्थ होता, आणि तरी जाताना मी स्वतःला भला माणूस समजत होतो. एस्तेरबाई तेच खरं पन्नास वर्षं पोटात ठेवून भिंगारच्या एका खोलीत बसली होती. त्यात तिचा काडीचा फायदा नव्हता. बहीण मात्र दुरावली होती. दोघांपैकी कोण बरोबर, हे मला अजून ठरवता येत नाही. बाळासाठी सांगायला हवंच होतं, हे खरं. पण त्या सांगण्याला आपल्या लोभाचा हात लागला याची लाज वाटायची ती वाटलीच.

सांगलीत पोचल्यावर दोन दिवसांनी प्रियाचा फोन आला. बाळाचं वजन भरायला लागलं होतं. आजी दोन्ही वेळ जेवत होती. मग ती जरा थांबली आणि म्हणाली, "एस्तेरआजी आली, काका. अजून इथंच आहे."

"सांगितलं त्यांनी?"

"दारातच सांगितलं. आत या म्हटलं तरी येईना. सोनाराचं, निरोपांचं, सगळं उभ्यानं सांगितलं."

"आणि मावशी?"

"आजीनं दाराच्या कडीला हात घातला. मला वाटलं, आता दार लावणार. मग म्हणाली, 'नान्याचं ऱ्हाऊ दे. पोरीला माती देताना तू यायला पायजे हुतंस.' एस्तेरआजी एवढंच म्हणाली, 'व्हय.'"

मी विचारलं, "मग?"

"मग काही नाही. आजीनं पाणी दिलं, ताट वाढलं. बोलल्या नाहीत फारशा. पण आज सकाळी दोघी सुमनच्या कबरीकडं जाऊन आल्या, चर्चच्या मागं. मी ओसरीवरून बघत होते. आजी पुढं, एस्तेरआजी मागं. आजीनं तिचा हात नाही धरला, काका. पण मध्येमध्ये थांबत होती, मागची पोचेपर्यंत."